कठड्याच्या पायाची तारीख

तारीखबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांचे भाडेकरू म्हणत. हे साफ खोटं होतं. कारण लागायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं. फक्त बाकीच्यांना ते दिसायच्या सहा महिने आधी बाईंना दिसलेलं असायचं, म्हणून लोकांना वाटायचं की ही बाई उगाच आकांडतांडव करते.

नळ गळायला लागला की प्लंबरला फोन करणारी माणसं त्यांच्या डोक्यात जात. "गळेपर्यंत काय करत होतात?" असा त्यांचा पहिला प्रश्न. नळ न गळता चालू असताना माणसाने नळाचं काय करायचं असतं, हे जगात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि बाई त्या थोड्यांपैकी होत्या.

हे त्या शिकल्या बसडेपोत. एकतीस वर्षं त्या तिथल्या स्टोअरमध्ये सुट्या भागांचा हिशेब ठेवत होत्या. फॅन बेल्ट, ब्रेक लायनिंग, बेअरिंग, सगळ्यांची कार्डं. प्रत्येक कार्डावर दोन रकाने: 'बसवली' आणि 'रुजू'. भाग बसवला पण बस पंधरा दिवस आवारातच उभी राहिली तर ते पंधरा दिवस त्या भागाच्या वयात धरायचे नाहीत. बस प्रवासी घेऊन फाटकाबाहेर पडली की ती तारीख 'रुजू'च्या रकान्यात चढायची, आणि वय तिथून मोजायचं. वय भरलं की भाग धडधाकट दिसत असला तरी काढायचा. "चालतोय की अजून," असं एखादा मेकॅनिक म्हणाला तर बाई कार्ड पुढे सरकवत आणि एक शब्दही बोलत नसत. बोलायची वेळ आलीच तर मग मेकॅनिकची धडगत नसे.

त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर कायमचा मुक्कामाला आला तो एका साहेबामुळे. नवा साहेब आला, स्टोअरमधून फिरला आणि ब्रेक लायनिंगची भरलेली मांडणी बघून म्हणाला, "तीन वर्षांत एकाही गाडीचा ब्रेक गेला नाही. मग हा एवढा माल कशाला?" बाईंनी सांगितलं की माल आहे म्हणूनच ब्रेक गेला नाही. साहेब हसला. त्याने फायलीवर 'अनावश्यक साठा' असा शेरा मारला आणि खरेदी निम्म्यावर आणली. अकरा महिन्यांनी उतारावर एक बस थांबेना. ड्रायव्हरने ती भिंतीला घासत नेऊन कशीबशी उभी केली. प्रवाशांना खरचटलंही नाही, ड्रायव्हरचं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं. तो ड्रायव्हर म्हणजे बाईंचा नवरा. चौकशीत त्याच्यावर हलगर्जीपणाचा ठपका आला. बाई कार्ड घेऊन चौकशीला गेल्या. त्यावर बदलायची तारीख उलटून चार महिने झाल्याचं स्वच्छ दिसत होतं. कुणी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. साहेबाला पुढच्याच वर्षी बढती मिळाली.

त्यानंतर नवरा-बायकोने पोटाला चिमटे काढून दुमजली घर बांधलं. तळमजला धरून सहा बिऱ्हाडं. खालच्या एका जागेत ही दोघं, बाकी पाच भाड्याने. म्हातारपणाची सोय म्हणून. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, पण घर त्याच्या देखतच डेपोच्या शिस्तीत आलेलं होतं.

ती शिस्त अशी. बाईंच्या हिरव्या वहीत घरातल्या प्रत्येक वस्तूला एक ओळ. पाण्याचा पंप, नऊ वर्षं. गीझर, दहा. गच्चीवरचा गिलावा, सात. गॅलरीचा लोखंडी कठडा, चोवीस. दर तिसऱ्या वर्षी पान्याने ठोकून तपासायचा, मगच रंग. वस्तूची किंमत भागिले तिचं वय, त्याला भागिले बारा. आलेले सगळे आकडे बेरजेत घेतले की दर महिन्याच्या भाड्याचा साधारण दहावा हिस्सा व्हायचा. तो हिस्सा भाडं हातात पडल्याच्या दिवशी वेगळ्या खात्यात जायचा. घरात लग्न असो, दुखणं असो, त्या खात्याला हात लावायचा नाही. नवरा त्याला बाईंचं दुसरं अपत्य म्हणायचा आणि पहिल्यापेक्षा ते जास्त गुणी आहे असंही म्हणायचा. शिवाय प्रत्येक वस्तूवर बाई काळ्या मार्करने रुजू झाल्याची तारीख लिहीत. बेसिनच्या खाली, गीझरच्या पाठीवर, कठड्याच्या शेवटच्या गजाच्या पायाशी. नवा भाडेकरू पहिल्या आठवड्यात एखादी तारीख शोधून काढायचा, दुसऱ्या आठवड्यात त्याला सगळ्या सापडायच्या, आणि मग तोही त्यांना तारीखबाई म्हणायला लागायचा. तोंडावर अर्थात मावशी.

तर अशा घरात पंचवीस वर्षांच्या आसपास काही मोडलं नाही. इथेच सगळं नडलं.

बाईंचे चिरंजीव कर्ज देणाऱ्या एका कंपनीत होते. झोपलेला पैसा त्यांना बघवत नसे. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा चिरंजीवांनी मोठ्या मायेने सांगितलं, "आई, आता तू जिने चढायचे नाहीस. भाडी, दुरुस्त्या, सगळं मी बघतो." माया खरी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा दिला, खात्याच्या कागदांवर सही दिली आणि वही दिली. चिरंजीवांनी वही लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. भाडं, अनामत, कर, एवढे रकाने घेतले. वयाचा रकाना गाळला. त्यात पैसे नव्हते, नुसतीच वर्षं होती.

सहा महिन्यांनी त्यांनी घराला बाहेरून-आतून रंग काढला. बाई खाली खुर्चीत बसून बघत होत्या. पांढऱ्या भिंती, काळेभोर तकतकीत कठडे. त्यांना बरं वाटलं. मुलाने न सांगता केलं म्हणून दोन-चार जणांना त्यांनी कौतुकाने सांगितलंसुद्धा. कठडा ठोकून बघितला का, हे विचारायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं ओझं उचललं होतं, त्यात लगेच कुसपट काढायला नको, असं त्यांना वाटलं. आयुष्यात एकदा राग गिळला आणि तोही नेमका चुकीच्या दिवशी.

दीड वर्ष गेलं. एका दुपारी बाईंनी आपल्या जुन्या स्वेटरचं एक फाटलेलं काज नीट करायला वर पाठवलं. दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहायची, तिच्या वडिलांसोबत. वडील जन्मभर शिंपीकाम केलेले. आता मशीन झेपत नसे, पण हाताने काजं करायचं काम ते दोन दुकानांसाठी अजून करत. गॅलरीत खुर्ची टाकून, उजेडाकडे तोंड करून, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. त्यांनी केलेलं काज उलट-सुलट कुठूनही बघावं, टाका टाक्याला लागून असायचा.

स्वेटर परत आला. बाईंनी काज बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. काज तिरकं होतं. तीन टाके एकमेकांवर चढले होते.

नर्स ड्यूटीवर निघाली होती. बाईंनी तिला दारातच धरलं.

"बाबांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, मावशी."

"मग हे काय?"

नर्सने काज बघितलं आणि मान खाली घातली. "आतल्या खोलीत बसून केलंय. दिवा आहे, पण दिव्यात त्यांना नीट दिसत नाही."

"आत का? गॅलरीला काय झालं?"

"काही नाही. उशीर होतोय मला." आणि ती गेली.

बाईंनी काठी घेतली, स्वयंपाकघरातल्या खणातून नवऱ्याचा पाना काढला आणि जिना चढायला घेतला. अडतीस पायऱ्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, दर सहाव्या पायरीला थांबत. गुडघे बोंबलत होते, आणि बाई त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होत्या.

दार म्हाताऱ्यांनी उघडलं. खोली अंधारी होती, कारण गॅलरीचं दार बंद होतं. दाराच्या दोन्ही कड्यांमधून नर्सची एक ओढणी घालून तिला तीन गाठी मारल्या होत्या. खुर्ची भिंतीशी दिव्याखाली, दोऱ्याची पेटी जमिनीवर.

"मुलीने बांधलंय," म्हातारे ओशाळून म्हणाले. "मी विसरून बाहेर जाईन म्हणून. कठडा हलतो ना."

"कधीपासून?"

"चार महिने झाले असतील. एका दुकानाने काम बंद केलं. त्यांचं बरोबर आहे, माझी काजं पहिल्यासारखी होत नाहीत आता."

बाईंनी गाठी सोडल्या. दार उघडलं. कठडा उन्हात नुसता चमकत होता. उंबऱ्याच्या आतच काठीवर भार देऊन त्या वाकल्या आणि शेवटच्या गजाचा पाय बघितला. तिथे त्यांच्या अक्षरातली तारीख असायला हवी होती. तिच्यावरून रंगाऱ्याचा ब्रश फिरला होता. त्यांनी पाना हळूच टेकवला, ठोकलासुद्धा नाही. रंगाचा पापुद्रा सुटला आणि आतून तपकिरी भुगा भुरुभुरु गळून पडला. लोखंड नव्हतंच तिथे. नुसता रंग उभा होता.

हा कठडा बदलायचं वर्ष वहीत लिहिलेलं होतं. ते गेल्या वर्षीच येऊन गेलं होतं.

संध्याकाळी नर्स परतली तेव्हा बाई अजून वरच बसून होत्या, म्हाताऱ्यांच्या खुर्चीसमोर, पाना मांडीवर घेऊन. नर्सने ते बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

"मला का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"दादांना तीनदा फोन केला, मावशी. दोनदा म्हणाले, बघतो. तिसऱ्यांदा म्हणाले, अडचण होत असेल तर दुसरी जागा बघा, ह्या भाड्यात रांग लागेल." ती थांबली. "आणि म्हणाले, आईच्या कानावर घालू नका. ती वर चढायला बघेल आणि गुडघे घालवून बसेल."

शेवटचं वाक्य ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या गुडघ्यांच्या काळजीचं कुलूप करून ह्या मुलीच्या तोंडाला लावलं होतं.

चिरंजीव रविवारी सकाळी आले. हातात फळांची पिशवी. बाईंनी पिशवी घेतली नाही. "वर चल," म्हणाल्या आणि स्वतः पुढे चढायला लागल्या. "आई, अगं तुझे गुडघे," असं तो मागून म्हणत राहिला. बाई थांबल्या नाहीत.

नर्स आणि तिचे वडील आत उभे होते. बाईंनी पाना मुलाच्या हातात दिला.

"ठोक."

"काय?"

"पहिल्या गजापासून ठोकत जा. लहानपणी तुझ्या बाबांबरोबर ठोकायचास ना, तसा."

त्याने ठोकलं. पहिला गज टणकन वाजला. दुसराही. पाचव्यापासून आवाज बसत गेला. शेवटच्याला नुसतं थप झालं आणि भुगा त्याच्या बुटावर पडला.

"आता रेल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"भाड्याच्या जाहिरातीत लिहिलंयस ना, हवेशीर गॅलरी? खा हवा. रेल त्या कठड्याला."

तो एक पाऊल मागे आला. ते पाऊल खोलीतल्या बाकीच्या तिघांनीही बघितलं.

"हे म्हातारे रोज चार तास तिथे बसायचे," बाई म्हणाल्या. "तू एक क्षण रेलायला तयार नाहीस."

"आई, मी करणारच होतो. थोडी रक्कम जमली की लगेच."

"जमलेली होती की. सहा लाख चाळीस हजार. कुठे आहेत?"

चिरंजीवांनी घसा खाकरला. नव्या वस्तीत एक फ्लॅट बुक केलाय म्हणाले. भाड्याला द्यायला. पुढच्या पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल. "पैसे नुसते पडून होते, आई. दोन वर्षांत दुरुस्तीला खर्च काय आला? काहीच नाही. ह्या घरात कधी काही मोडतच नाही. मग एवढा पैसा अडकवून ठेवायचा तरी कशाला?"

बाईंच्या कानात फायलीवर शेरा मारणाऱ्या पेनाचा आवाज आला. तेच वाक्य, तोच शहाणा स्वर. त्या साहेबाला आपण जन्मभर शिव्या घातल्या, आणि तो आपल्याच घरात, आपल्याच ताटात जेवून मोठा झाला. हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट झोंबली. साहेबाला निदान आपण एकदा सांगितलं होतं. मुलाला कधी समजावून सांगितलंच नाही. नुसती वही दिली, जणू वही बघून त्याला आपोआप सगळं कळणार होतं.

"ऐक," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका खाली आला की नर्सने दचकून वर बघितलं. "सिस्टर महिन्याला अठरा हजार भाडं देते. दहावा हिस्सा अठराशे. कारभार तुझ्याकडे येऊन सव्वीस महिने झाले. अठराशे गुणिले सव्वीस किती?"

कर्ज विभागातल्या माणसाला हिशेब लगेच आला. "सेहेचाळीस हजार आठशे."

"काल वेल्डरला विचारलं. नवा कठडा, बसवून, एक्केचाळीस हजार. म्हणजे हिने ह्या कठड्याचे पैसे कधीच चुकते केलेत. वर पाच हजार आठशे जास्त दिलेत. कठडा तिने विकत घेतलेला होता, आणि तू तो खाल्लास. आणि वर तिलाच सांगितलंस, जमत नसेल तर जागा सोड."

चिरंजीवांनी पाना फरशीवर ठेवला.

"बुकिंग रद्द कर."

"रद्द केलं तर लाखभर कापतात, आई."

"कापू देत. तुझ्या पगारातून भर. किल्ल्या ठेव इथे. आणि आधी ह्यांच्याशी बोल, मग माझ्याशी."

त्याने म्हाताऱ्यांकडे बघितलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. म्हाताऱ्यांनी, असू दे, असू दे, म्हणून हात हलवला. बाईंना त्याचाही राग आला. माणसं इतकी लवकर का सोडून देतात, हे त्यांना कधी समजलं नाही.

कठडा पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला बसला. वेल्डरने गज खाली पार काँक्रीटमध्ये घेतले होते. बाईंनी स्वतः ठोकला. अथपासून इतिपर्यंत टणटण वाजला. वेल्डरने काळा मार्कर पुढे केला, कारण ह्या घरची रीत त्याला माहीत होती. बाईंनी टोपण काढलं आणि मागे वळून बघितलं.

म्हातारे उंबऱ्याच्या आत उभे होते. नर्सने खुर्ची बाहेर ठेवली होती, नेहमीच्या जागी.

"या बाबा," बाई म्हणाल्या. "आता हत्ती रेलला तरी हलायचा नाही."

"येतो, येतो," म्हातारे म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. एक पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. "आज नको. उद्या बसेन." मग ते दिव्याखाली जाऊन बसले आणि दोरा ओवायचा प्रयत्न करायला लागले. दोरा काही जाईना.

बाईंनी मार्करला टोपण लावलं. वेल्डरला कारण कळलं नाही, लिहायचं विसरल्या असं समजून तो निघून गेला.

त्याच दिवशी त्यांनी मुलाला फोन केला. रद्द केलेल्या बुकिंगबद्दल तो काही सांगायला लागला, ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. "उद्यापासून रोज पाच वाजता इथे यायचं. कठड्याला पाठ लावून उभं राहायचं. सिस्टरचे बाबा बाहेर येऊन बसेपर्यंत."

"रोज? आई, ऑफिस आहे."

"मग ऑफिसला सांग, कठड्याला रेलायला चाललोय."

तो आला. पहिल्या दिवशी अर्धा तास एकटाच उभा राहिला, मोबाइल बघत. दुसऱ्या दिवशी मोबाइल खिशात होता. पाचव्या दिवशी म्हातारे उंबऱ्यापर्यंत येऊन त्याच्याशी शर्टाबद्दल बोलले. कॉलरची शिवण विसविशीत आहे, कुठून घेतलास, असं काहीतरी. नवव्या दिवशी तो शर्ट त्याने उसवून पुन्हा शिवायला आणून दिला. बाई खालून खुर्चीत बसून त्याची पाठ बघत होत्या, नव्या गजांना टेकलेली. राग उतरला नव्हता. रोज पाच वाजता तो जिन्यावरून जाताना, "आई, जेवलीस का," असं विचारायचा आणि त्या नुसती मान हलवायच्या.

एकवीस तारखेला वरून म्हाताऱ्यांचा आवाज आला, "जरा सरक बाळा, उजेड अडवतोयस."

बाई उठल्या. पुन्हा अडतीस पायऱ्या. म्हातारे खुर्चीत, मांडीवर शर्ट, एक कोपर कठड्यावर. चिरंजीव बाजूला सरकून उभे. बाईंनी मार्कर काढून मुलाच्या हातात दिला आणि शेवटच्या गजाकडे बोट दाखवलं.

तो गुडघ्यांवर बसला. लिहायला लागला आणि थांबला. "तीन तारीख ना?"

"तीनला बसवलाय," बाई म्हणाल्या. "एकवीस लिही."

त्याने वर बघितलं, मग म्हाताऱ्यांच्या कोपराकडे बघितलं आणि एकवीस लिहिली. शाई ओली असल्यासारखा तो बराच वेळ त्यावर फुंकर घालत राहिला. बाई काठी घेऊन खाली जायला निघाल्या, आणि दारात त्यांनी न वळता विचारलं, "तू जेवलास का?"